मदत हवी आहे : वडिलांच्या पार्किन्सन्ससाठी पंप की शस्त्रक्रिया?

नमस्कार. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या वडिलांना बरीच वर्षे पार्किन्सन्स (कंपवात) आहे. लेव्होडोपाच्या गोळीचा परिणाम आता पुढच्या गोळीच्या वेळेआधीच ओसरतो आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी त्यांचे पाय जमिनीला खिळतात. फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्यापासून मात्र पाऊल बरेचदा उचलले जाते. प्रथिनांमुळे या औषधाच्या शोषणात अडथळा येतो, म्हणून डॉक्टरांना विचारून डाळ-उसळ रात्रीच्या जेवणात ठेवली आहे.

डॉक्टरांनी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया किंवा अपोमॉर्फिन हे औषध सुईवाटे त्वचेखाली सतत सोडणारा पंप असे दोन पर्याय सुचवले आहेत. मेंदूतील संकेतांनुसार या इलेक्ट्रोडमधून दिले जाणारे विद्युत उत्तेजन आपोआप कमीजास्त करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ती मुंबईत कोणी घेतली आहे का? पंप वापरणाऱ्यांनी महिन्याचा खर्च किती येतो आणि सुई टोचतात तिथे गाठी येतात का, हे कृपया कळवावे. शस्त्रक्रियेने आजार थांबत नाही याची आम्हाला कल्पना आहे, त्यामुळे मुळापासून बरे करणाऱ्या काढ्यांचे संदेश पाठवू नयेत, ही विनंती.

पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या आधारगटांत कोणी जात असल्यास तेथे मराठीतून बोलणे होते का, तेही सांगावे. आईलाही सोबत न्यायचे आहे, कारण रात्री कूस बदलून देण्यापासून सारे तीच करते.