छोट्या स्टुडिओत पहिला हेडफोन क्लोज्ड-बॅकच हवा

खर्जवाला:
घरच्या खोलीत स्टुडिओ थाटणारे बरेच जण हौसेने आधी सेनहायझरचा एचडी ६०० घेतात. मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांत नीट बसवायला, तो उत्तम आहे, १९९७ पासून उगाच टिकलेला नाही. पण पहिला हेडफोन म्हणून असा ओपन-बॅक, म्हणजे बाहेरून उघड्या वाट्यांचा आणि आवाज बाहेर झिरपू देणारा, घेणं मला साफ चुकीचं वाटतं. आपल्याकडे गायक आणि रेकॉर्ड करणारा बहुधा एकाच खोलीत असतात, बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक तोंडापासून वीतभर. आलापात दोन स्वरांमध्ये शांतता आली की हेडफोनमधून झिरपलेला तानपुरा तिथे स्पष्ट ऐकू येतो. नंतर एखादा स्वर सॉफ्टवेअरने सरकवायला जा, त्याच्यासोबत तो तानपुराही सरकतो आणि मूळ तानपुऱ्याशी भांडू लागतो. क्लिकचं, म्हणजे लय धरायला कानात सोडलेल्या टिकटिकीचं, तर विचारूच नका. सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, या क्लोज्ड-बॅक, म्हणजे बंद वाट्यांच्या हेडफोनांतला एक आधी घ्या. मिक्सचं मग बघू.

काळीपाच:
खर्जवाले, तुम्ही माइकच्या बाजूने बोलताय, मी गळ्याच्या बाजूने बोलते. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमत येतो, विशेषतः मंद्रात. कानावर बोट ठेवून ‘ऊ’ म्हणून बघा. त्या घुमण्यात षड्ज नेमका कुठे आहे ते कळेनासं होतं, मग गायक आवाज वाढवून मागतो आणि सूर आणखी बिघडतो. उतरलेल्या सुराचा टेक स्वच्छ असून काय करायचा? तानपुरा हळू ठेवला तर ओपन-बॅकमधूनही झिरपणं बरंच आटोक्यात राहतं. मला थोडा ब्लीड, म्हणजे माइकमध्ये झिरपलेला आवाज, चालेल, बेसूर टेक चालणार नाही.

खर्जवाला:
ताई, सुराचं म्हणणं मान्य. पण त्यासाठी हेडफोन बदलायला नको. एक कान मोकळा ठेवून कित्येक गायक गातात. फक्त रिकामी वाटी हवेत लटकत ठेवायची नाही, कानामागे डोक्याला घट्ट टेकवायची. त्याहून चांगलं म्हणजे त्या बाजूचा आवाज इंटरफेसवरूनच, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या डब्यावरूनच, बंद करायचा.

काळीपाच:
म्हणजे क्लोज्ड-बॅक घ्यायचा आणि अर्धा उघडा घालायचा! आणि त्या बाजूचा आवाज वेगळा बंद करायची सोय साध्या दोन इनपुटांच्या इंटरफेसवर बहुधा नसते. तो सल्ला मोठ्या स्टुडिओचा झाला.

ढोलकीघर:
तुम्ही दोघं गायकापुरतंच बोलताय. ढोलकीवाल्याला ओपन-बॅक देऊन बघा. थाप पडली की क्लिक बुडतो, तो आवाज वाढवतो, पुन्हा वाढवतो. इथे ब्लीडपेक्षा त्याच्या कानांची काळजी करा. एचडी २८० प्रोसारखा बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन लागतोच. माझं मत खर्जवाल्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं.

तिसरामजला:
माझा पूर्ण विरोध. ‘मिक्सचं मग बघू’ हे ज्याच्याकडे बरे स्पीकर आणि नीट केलेली खोली आहे त्याने म्हणावं. फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर काम करणाऱ्याचा सगळा निर्णय हेडफोनवरच होतो. क्लोज्ड-बॅकमधला खर्ज बंद वाटीत फुगतो, तर चष्म्याच्या काडीने गादी जरा उचलली गेली की गळून जातो. त्यावर तबल्याचा बायां कसा ठरवायचा? शिवाय मे महिन्यात टेकसाठी पंखा आणि एसी बंद करून ती रेक्झिनची गादी तासभर घालून बसा, मग बोलू. जो एकटाच घरी चाली बांधतो आणि आठवड्यातून एखादा आवाज घेतो, त्याने ओपन-बॅकच आधी घ्यावा. आवाज घ्यायच्या दिवशी क्लोज्ड-बॅक मित्राकडून आणता येतो.

ढोलकीघर:
एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, म्हणजे वाजवायला जोर जास्त लागतो, हेही सांगा की. स्वस्त इंटरफेसवर तो पुरेसा वाजत नाही. डीटी ७७० प्रो घेतानासुद्धा २५० ओहमचा उचलू नका, ८० चा घ्या.

तिसरामजला:
रात्री हळू आवाजात मिक्स करायला पुरतो. कानांसाठीही तेच बरं.

काळीपाच:
खर्जवाले, एक करून बघा. गायकाला माइकसमोर हेडफोन घालून गप्प उभं करा, नेहमीच्या आवाजात तानपुरा आणि क्लिक सोडा, मिनिटभर रेकॉर्ड करा. मग तो ट्रॅक गाण्याच्या पातळीवर आणून ऐका. क्लोज्ड आणि ओपन दोन्हींवर. तुमच्या खोलीत, तुमच्या माइकवर फरक किती पडतो ते इथे टाका, मग आपण पुढे बोलू.

खर्जवाला:
करतो. पण क्लिक तानपुऱ्यापासून वेगळा घेईन. माझा मुख्य आक्षेप क्लिकवरच आहे.