‘चार्ज’ने मराठीतले किती शब्द गिळले?

शब्दवेध (धागाकर्ता)
मोबाइल चार्ज होतो, नवे साहेब चार्ज घेतात, बँक चार्ज लावते, पोलीस लाठीचार्ज करतात, फ्रिजमध्ये गॅस चार्ज करतात. इंग्रजीत हे क्रियापद आणि नाम मूळचं ओझ्याचं. गाडीत माल भरण्यासाठी उत्तरकालीन लॅटिनमध्ये जे क्रियापद होतं, ते जुन्या फ्रेंचमधून तिथे पोचलं. मग ओझं बॅटरीवर, माणसावर, खिशावर, आरोपीवर.

आपल्याकडे या प्रत्येक ओझ्याला वेगळा शब्द होता आणि आहे: पदभार, आकार, आरोप, लाठीमार, विजेचा प्रभार. त्या प्रत्येकात वेगळी माहिती असते, म्हणून मला त्यांची काळजी वाटते. महावितरणचं मराठी बिल बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क अशा वेगवेगळ्या ओळी. स्थिर आकार महिनाभर घर बंद असलं तरी लागतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटवर. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. ‘चार्जेस फार लावलेत’ म्हटलं की तक्रार नेमकी कशाची ते खिडकीपलीकडच्या माणसालाही कळत नाही.

रोखठोक
शब्दवेध, मूळ मुद्दाच पटला नाही. शब्द वाक्यात एकटा नसतो. मराठीने ‘चार्ज’ घेतला तो आपली क्रियापदं जोडून, आणि अर्थ तिथेच पक्का झाला. चार्ज करायची ती बॅटरी. चार्ज घ्यायचा, द्यायचा, सोडायचा तो पदाचा. चार्ज लागतो किंवा पडतो तो पैशांचा. ‘तहसीलदारांनी कालच चार्ज सोडला’ यात कोणाला बॅटरी आठवते?

शिवाय ‘चार्जिंग’ बघा. इंग्रजीत ती क्रिया, आपल्याकडे ते शिल्लक राहणारी वस्तू झालं. ‘चार्जिंग किती आहे?’, ‘चार्जिंग संपलं’, कुठे ‘चार्जिंग संपली’. ही मराठीची स्वतःची घडण आहे, तिला भेसळ म्हणू नका.

आणि तुमचं ‘शुल्क’ तरी कुठे नेमकं? परीक्षा शुल्क म्हणजे फी, उत्पादन शुल्क म्हणजे कर, आणि हॉटेलच्या बिलावरचं सेवा शुल्क यांपैकी काहीच नाही, तो हॉटेलवाल्याने मागितलेला जादा पैसा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं की तो आपोआप बिलात जोडता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तरी ‘शुल्क’ वाचून लोक सरकारी कर समजून भरतात. शुद्ध मराठी शब्दानेच इथे घोळ केला.

कलम-पोटकलम
फौजदारी बाजूला मात्र शब्दवेध यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ‘त्याच्यावर चार्ज लागला’ हे वाक्य तीन निरनिराळ्या टप्प्यांसाठी वापरलं जातं.

पहिला टप्पा गुन्हा नोंदवण्याचा. हा फक्त तपासाचा आरंभ. दुसरा, तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात आरोपपत्र दाखल करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम १९३ आहे. तिसरा, आरोप निश्चिती. ती न्यायाधीश करतात, पोलीस नाही. कागदपत्रं पाहून खटला चालवण्याइतका आधार नाही असं वाटलं तर आरोपीला तिथेच मुक्तही करता येतं.

फरक शब्दांचा नाही, तारखांचा आहे. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. घरच्यांनी ‘चार्ज लागलाय’ एवढंच सांगितलं तर वकिलाला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो हाच: गुन्हा दाखल झालाय, आरोपपत्र आलंय, की आरोप निश्चित झालेत? वर्तमानपत्रं अजून ‘आरोपपत्र दाखल’ आणि ‘आरोप निश्चित’ असं वेगवेगळं छापतात. ते टिकलं पाहिजे.

रोखठोक
हे मान्य. न्यायालयात ‘चार्ज’ नको.

थंडगार
फ्रिज-एसीचं सांगतो, कारण या शब्दाने सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. ‘गॅस चार्ज करायचाय’ ऐकून गिऱ्हाइकाला वाटतं की बॅटरीसारखा गॅसही वापरून संपतो आणि दर उन्हाळ्यात भरावा लागतो. गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय.

क्रम असा: आधी नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहायचं. गळती बंद करायची. मग व्हॅक्युम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची. ओल राहिली तर बारीक कॅपिलरी नळीच्या तोंडाशी बर्फ होऊन वाट बंद होते. शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. किती, ते यंत्राच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. आर-६००ए नावाचा गॅस असलेल्या घरगुती फ्रिजमध्ये जेमतेम काही दहा ग्रॅम असतो, तिथे दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी थंडावा बिघडतो. शिवाय तो पेट घेणारा गॅस, अंदाजाने सोडायचा नव्हे.

रोखठोक
थंडगार, क्रम उत्तम सांगितलात. पण ‘गॅस भरला’ म्हटलं असतं तरी गिऱ्हाइकाने तो सिलिंडरसारखा संपणाराच समजला असता. दोष शब्दाचा कसा?

थंडगार
निम्मा तुमचा मुद्दा बरोबर. म्हणून शब्दावर भांडण्यापेक्षा पावतीवर दोन गोष्टी लिहून मागाव्यात: गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम भरला. नुसतं ‘गॅस चार्जिंग’ लिहिलेली पावती घेऊ नये.

शब्दवेध
रोखठोक, ‘शुल्क’बद्दल तुमचं बरोबर आहे, तो शब्द मी आंधळेपणाने पुढे केला. मोबाइलच्या ‘चार्जिंग’लाही माझा विरोध नाही. ‘प्रभारित कर’ असं घरात कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये; प्रभार विज्ञानाच्या पुस्तकात, कूलोम या एककात मोजायला ठीक.

पण पर्यायी शब्द चालतच नाहीत, हे ऐकून घेणार नाही. विहिरीच्या ‘रिचार्ज’ला शेतकरी ‘पुनर्भरण’ म्हणतात आणि त्यात सगळी रीत आली: ओढ्याचं पाणी आधी गाळ बसायच्या खड्ड्यात, तिथून दगड, खडी, वाळूच्या थरांतून गाळून विहिरीत. ‘भरण’ शब्दातच पाणी दिसतं. बिलावरचा ‘आकार’ही तसाच, ‘आकारणे’ या चालू क्रियापदाशी जोडलेला. तो तरी बोलण्यात ठेवा.

रोखठोक
ठेवू. पण सोसायटीच्या सभेत ‘मेंटेनन्स चार्ज’ला ‘देखभाल आकार’ म्हणून बघा आणि किती जण मान वर करून ‘म्हणजे काय?’ विचारतात ते इथे लिहा.