खाजनात शिरलेली कांदळवनं: काढायची की राहू द्यायची?

खाजनकाठ
गोव्यात मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठाने साधारण १८ हजार हेक्टर खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आहे, असा आकडा नेहमी दिला जातो. त्यातलं बरंच आज नावापुरतं खाजन उरलंय. बांध फुटतो, एक-दोन पावसाळे तसाच राहतो, खारं पाणी दिवसातून दोनदा आत येऊन जातं आणि बघता बघता तिवर, चिपी, मारांडी उभी राहते. मग दुरुस्तीला गेलं की उत्तर मिळतं, आता हे कांदळवन आहे, हात लावायचा नाही.

माझं मत: बांधाबाहेरचं एकही झाड तुटता कामा नये, पण बांधाच्या आतलं काढायची सोय हवी. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळ्या अटी आहेत. खाजनांचे नकाशे करा, खाजनालगतची कांदळवनं राखा, खाजनाचा व्यवस्थापन आराखडा करा, विकासकामं नकोत. या अटी एकत्र वाचा. शेतही राखायचं आहे आणि झाडही. जुन्या उपग्रहचित्रांत जिथे भातशेती दिसते आणि झाडं फुटीनंतरच आली आहेत, तिथली काढू द्या. त्या बदल्यात बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला तेवढीच लागवड करा. तो पट्टा लाट मोडतो, बांध टिकतो.

फूट बुजवायची ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक पडतो, भांगाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. आधी फुटीच्या दोन्ही कडा जांभ्या दगडाने धरून ठेवायच्या, कारण फट अरुंद होत गेली की पाण्याचा वेग वाढतो आणि तळ खरवडून निघतो. मग बांबूच्या खुंटांच्या दोन रांगा, मध्ये पेंढा आणि चिकण चिखल थराथराने दाबायचा. शेवटची फट एकाच ओहोटीत बंद झाली पाहिजे. माती बांधालगतच्या शेतातून उचलू नका, पायथ्याशी खड्डा पडला की पुढची गळती तिथूनच सुरू होते.

भरतीरेषा
बांध कसा बांधायचा यावर वाद नाही. तो पुन्हा का फुटतो, यावर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

खाजनात पिढ्यान्‌पिढ्या खाडीचा गाळ येऊ दिलेला नाही. बांधाबाहेर प्रत्येक भरती गाळाचा पातळ थर टाकून जाते, आतली जमीन मात्र वाळते आणि दबत जाते. त्यामुळे बाहेरचा चिखल वर, शेत खाली. त्यात १९९३ ते २०१५ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने चढली. याच वेगाने तीस वर्षांत दहा सेंटिमीटर होतात. आकडा लहान वाटेल, पण खाजनाचा निचरा फक्त बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असतं तेवढाच वेळ होतो. तो वेळच दर ओहोटीला कमी होत चाललाय.

दुसरं, तिवरांखालची माती. खारं पाणी, कुजका पाला आणि हवेचा अभाव यांतून तिथे लोह-गंधकाचं खनिज साठतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी असतं. झाडं काढून जमीन सुकवली की हवा लागते, गंधकाम्ल तयार होतं, सामू (पीएच) चारच्या खाली जातो. मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून भाताची मुळं जळतात आणि पहिल्या पावसात तेच पाणी खाडीत उतरलं की मासळी मरते. म्हणजे झाडं गेली आणि भातही आलं नाही.

जिथे फूट दहा वर्षांहून जुनी आहे, तिथे बाहेरचा बांध सोडून द्या आणि मागचा आतला बांध उंच करून मजबूत करा. मधल्या पट्ट्यात गाळ साचेल, कोळंबीची पिल्लं वाढतील आणि नव्या बांधाला झाडांची फुकट ढाल मिळेल.

उधाण
दोघांचाही भर बांधावर आणि झाडांवर आहे. खाजन बिघडतं ते मानशीपाशी.

मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, हे बाहेरच्यांसाठी. दारं लाकडी असतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, दारं मिटतात. ओहोटीला आतली पातळी वर ठरते, दारं बाहेर ढकलली जातात आणि पावसाचं पाणी निघून जातं. माणूस लागत नाही. आत पोंय, म्हणजे खोलगट तळं, असतं. शेताचं पाणी आधी तिथे जमतं आणि मासळीही तिथेच वाढते.

मानशीतली मासळी पकडायचा हक्क लिलावाने जातो. पूर्वी हा पैसा कोमुनिदादीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेकडे, येई आणि बांधाला लागे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनंतर जमीन कुळांची झाली आणि बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. आता लिलाव घेणाऱ्याला जितकं जास्त खारं पाणी आत, तितकी जास्त कोळंबी. म्हणून दार भरतीलाही दोरीने किंवा फळी अडकवून उघडं ठेवतात आणि ओहोटीला तोंडावर जाळं लावतात. अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री हे हमखास चालतं. मग पाणी दोन्ही दिशांनी जोरात धावतं, मानशीच्या दोन्ही बाजूंची माती सुटते आणि फूट पडते ती मानशीला लागूनच. कुर्ल्यांची आणि घुशींची बिळं त्यात भर घालतात. बिळ सापडलं की त्याच दिवशी चिखलाने ठासून बुजवायचं असतं. हे काम कोणाचं, हेच आज ठरलेलं नाही.

नवीन मानस काँक्रीटची करतात, तिथे दुसराच घोटाळा होतो. चिखल लवकर बसतो, काँक्रीट बसत नाही. तळाखाली पोकळी होते, पाणी खालून वाट काढतं आणि अख्खा ठोकळा तिरका होतो. तळाच्या दोन्ही टोकांना खाली आडवी भिंत हवी, चिकण थरापर्यंत नेलेली, आणि बाजूच्या भिंती बांधात खोल शिरलेल्या. लोखंडी बिजागऱ्या खाऱ्या हवेत गंजून दार अर्धवट अडकतं. दार मिटल्यावर फटीतून धार दिसली की समजा, शेत खारं होणार.

मानस नीट नसेल तर खाजनकाठ यांचा बांध दोन वर्षं टिकेल आणि भरतीरेषा यांचा मागचा बांधही तेवढाच.

खारंगोडं
दार पूर्ण बंद ठेवणं हा उपाय समजू नये म्हणून केरळचं उदाहरण. वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कमचा बंधारा १९७६ पासून आहे, कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालच्या भातशेतीसाठी. दारं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मिटायची आणि पीक लांबलं की बंदीही लांबते. भात वाचला, पण दक्षिणेकडे खारं पाणी पोहोचेना. खाऱ्या पाण्याने मरणारी जलपर्णी तिथे माजली. मोठ्या कोळंबीला अंडी द्यायला खाऱ्याकडे उतरावं लागतं आणि पिल्लांना परत गोड्यात चढावं लागतं, ती वाट तुटली. मोसमाप्रमाणे खारं-गोडं बदलणं हाच अशा पाण्यांचा प्राण आहे. खाजनात ते आधीपासून बसवलेलं आहे, पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मासळी-मीठ. पावसाळाभर मानस काटेकोर, भात कापल्यावर मोजून खारं पाणी.

भरतीरेषा
उधाण, लिलावाचं म्हणणं पूर्ण मान्य. पण तुमच्या उपायाने आज पाण्याखाली असलेल्या जमिनीचं काय होणार? मानस सुधारून उद्याची फूट टळेल, कालची नाही. आणि तिवरांचं रान एकदा दाट झालं की ते मुळासकट उपटायला यंत्र आत न्यावं लागतं. यंत्राने चिखल उलटा झाला की खालचा गंधकाचा थर वर येतो.

खाजनकाठ
आम्लाची भीती सगळीकडे सारखी नाही, ती तपासून ठरवता येते. बांधापासून आतवर ठरावीक अंतराने मीटरभर खोल नमुने घ्या. ओल्या मातीचा सामू मोजा, मग त्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, हातमोजे आणि चष्मा घालून. माती जोरात फसफसली आणि सामू अडीच-तीनपर्यंत घसरला तर तिथलं झाड हलवू नका, भरतीरेषा म्हणतात तसं सोडून द्या. सामू फारसा हलला नाही तर जमीन परत येते. अशा जागी यंत्र नकोच. बुंधे जमिनीलगत कापायचे, मुळं आतच कुजू द्यायची आणि उन्हाळ्यात जमीन पूर्ण सुकू द्यायची नाही. मृगाच्या पावसाचं पाणी शेतात तुंबवून ओहोटीला सोडायचं, पुन्हा तुंबवायचं, पुन्हा सोडायचं. साध्या भाताला मातीची क्षारता मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या (क्षारता मोजायचं एकक) वर गेली की फटका बसतो आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के उत्पन्न घटतं. म्हणजे ७ ला जवळपास निम्मं पीक गेलं. कोरगुट हा खाजनातला पारंपरिक भात अधिक सोसतो, म्हणून पहिली वर्षं कोरगुटच, मोड आणून पेरलेला. रोपाला तीन पानं असताना आणि फुलोऱ्यात खारं पाणी आत येता कामा नये.

रायगडकर
आमच्याकडे महाराष्ट्रात अशा जमिनीला खारभूमी म्हणतात. तिचा कायदा १९७९ चा आहे, तरी खारबांध फुटून कांदळवन आलेली गावं आहेतच. २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. अपवाद सार्वजनिक हितापुरता. एकेकट्या शेतकऱ्याचा अर्ज टिकणं कठीण. गोव्यातही सरसकट परवानगीपेक्षा खाजननिहाय आराखडा घेऊन गेलात तर ऐकलं जाईल.

उधाण
भरतीरेषा, खाजन सोडून द्यायचा हिशेबही मांडा. ५० हेक्टरांत सरासरी मीटरभर पाणी चढलं तर पाच लाख घनमीटर होतं. ते सहा तासांत एका फुटीतून बाहेर पडतं, सेकंदाला सरासरी २३ घनमीटर. फूट खोल होत जाते आणि हा प्रवाह समोरच्या आणि शेजारच्या बांधाचा पायथा खरवडतो. मागच्या वाड्यांच्या विहिरी खारट होतात. म्हणून खाजन सोडायचंच असेल तर फूट जिथे पडली तिथे तशीच ठेवू नका. तोंड कुठे आणि किती रुंद ते ठरवून दगडाने बांधा, मागचा बांध आधी पूर्ण करा, मगच बाहेरचा सोडा.

आणि या वर्षीच्या लिलावाच्या कागदात तीन अटी घाला: जून ते ऑक्टोबर भरतीला दार उघडं सापडलं तर अनामत जप्त, मानशीच्या आत पातळीची खूण केलेली पट्टी, आणि लिलावाच्या रकमेतला दुरुस्तीचा वाटा वेगळ्या खात्यात. याची सुरुवात कूळ संघटनेच्या बैठकीतल्या ठरावाने करता येईल.