डांबरी मिश्रणाची लवचिकता: आराखड्यात कोणत्या तापमानाचा आकडा धरावा?

प्रश्न (स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, रत्नागिरी)
नमस्कार. जिल्ह्यातील एका रस्त्याच्या थरांचा आराखडा हा माझा प्रकल्प आहे. व्हीजी-३० प्रतीचे डांबर आणि काळ्या दगडाची खडी वापरलेल्या बिटुमिनस काँक्रीटचा (डांबरी मिश्रणाचा) रिझिलिअंट मॉड्युलस, म्हणजे क्षणिक भाराखालील ताठरपणाचा गुणांक, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३,००० मेगापास्कल, तर ३५ अंशांना सुमारे २,१०० भरला. आमच्याकडे रस्ता मे महिन्यात तापतो आणि जुलैत सतत भिजतो. आयआयटीपेव्ह या रस्त्याच्या थरांचे विश्लेषण करणाऱ्या संगणक प्रणालीत यांपैकी कोणता आकडा भरावा? आणि स्थिर भार देऊन ही मोजणी का करत नाहीत?

उत्तर १ (रस्ते संकल्पन अभियंता, चिपळूण)
आयआरसी:३७-२०१८ या डांबरी रस्त्यांच्या आराखड्यासाठीच्या भारतीय मार्गदर्शिकेनुसार ३५ अंशांचा आकडा धरावा. त्यातील तक्त्यात व्हीजी-३० साठी २५ अंशांना ३,००० आणि ३५ अंशांना २,००० मेगापास्कल दिलेले आहेत, म्हणजे तुमची मोजणी विश्वासार्ह दिसते. तरीही आराखड्यात २,००० च घ्या. मोजलेला आकडा आणि तक्ता यांतील कमी तो घेणे सुरक्षित, कारण गुणांक फुगवला की थर कागदावर पातळ होतो आणि रस्ता अकाली तडकतो.

उत्तर २ (साहित्य चाचणी प्रयोगशाळा, कुडाळ)
स्थिर भाराखाली डांबर हळूहळू वाहत राहते, त्यामुळे भार किती वेळ होता यावर उत्तर ठरते. म्हणून दंडगोल नमुन्याच्या व्यासावर ०.१ सेकंद भार आणि ०.९ सेकंद विश्रांती अशी आवर्तने देतात, आणि भार उतरल्यावर जेवढे विरूपण (आकारातील बदल) परत फिरते तेवढेच हिशेबात घेतात. धावत्या चाकाचा रस्त्यावरील भारही असाच क्षणिक असतो. हे विरूपण अत्यंत सूक्ष्म असते. ६३.५ मिलिमीटर जाडीच्या नमुन्यावर १ किलोन्यूटन भार असेल, तर २,००० मेगापास्कलला आडवे विरूपण जेमतेम ५ मायक्रॉन भरते. त्यामुळे विरूपणमापक किंचित जरी सैल बसला, किंवा नमुना आतपर्यंत ३५ अंशांना आला नसला, तरी आकडा भलताच येतो. पॉयसन गुणोत्तर (दाबाच्या दिशेतील आकसण्याच्या तुलनेत आडवे फुगणे किती) कोणते धरले तेही अहवालात लिहा, ०.३५ ऐवजी ०.२५ धरल्यास त्याच विरूपणावरून गुणांक सुमारे १६ टक्के कमी दिसतो. नमुना ९० अंशांनी फिरवून पुन्हा मोजावा, हेही विसरू नये.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पॉयसन गुणोत्तर ०.३५ च धरले होते. पावसाचा परिणाम मात्र या आकड्यात कुठे येतो?

उत्तर २
कोरड्या नमुन्याच्या गुणांकात तो येत नाही. कोकणात ही बाब दुय्यम मानू नये, असे माझे ठाम मत आहे. सुमारे ७ टक्के पोकळी ठेवलेले नमुने पाण्याने अंशतः संपृक्त करून ६० अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवा आणि त्यांच्या अप्रत्यक्ष ताण सामर्थ्याचे (व्यासावर दाबून फोडताना मिळणाऱ्या ताकदीचे) कोरड्या नमुन्यांशी गुणोत्तर काढा. ते किमान ८० टक्के हवे. कमी भरल्यास खडीवरची डांबराची पकड सुटत आहे असे समजून चुना किंवा पकडवर्धक रसायन वापरून पाहा, आणि मग बदललेल्या मिश्रणाचा गुणांक ३५ अंशांना पुन्हा मोजा.