४० हर्ट्झचा प्रकाश आणि आवाज

अल्झायमर झालेल्या आईला यूट्यूबवरचे ४० हर्ट्झचे लुकलुकते व्हिडिओ रोज दाखवावेत का, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर नकोच.

मूळ संशोधन खरं आहे. २०१६ साली एमआयटीतल्या ली-ह्वे त्साई यांच्या गटाने उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश तासभर दाखवला, तेव्हा मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागातलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, कमी झालं. २०१९ मध्ये आवाजाचाही वापर केल्यावर परिणाम पार हिप्पोकॅम्पसपर्यंत, म्हणजे आठवणींच्या केंद्रापर्यंत पोचला. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्यॉर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेला अमायलॉइड कमी झालेलं दिसलंच नाही. एवढ्या मोठ्या मतभेदानंतर घरी प्रयोग करायला माझा तरी धीर होत नाही.

शिवाय ते व्हिडिओ ४० हर्ट्झचे असतीलच असं नाही. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे चमक कधी एका फ्रेमनंतर, कधी दोन फ्रेमनंतर येते. प्रयोगातला नेमका ठेका तिथे जुळतच नाही.

आणि अल्झायमरमध्ये फिट येण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, हे कृपया विसरू नका. न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय लुकलुकता प्रकाश नकोच.

त्याऐवजी आईंना नीट ऐकू येतं का, मोतीबिंदू आहे का, हे याच आठवड्यात तपासून घ्या. कान-डोळे साथ देत नसले की गोंधळ आणखी वाढतो, आणि त्यावर उपाय आजच उपलब्ध आहेत.