४४२ आराखड्यावरून सेव्हन-छाप चॅसी: नळ्या, टेबल आणि टाक्यांचा क्रम

प्रश्न: भांडुपचा_गाळा

नमस्कार मंडळी. लोटस सेव्हन या ब्रिटिश हलक्या स्पोर्ट्स कारच्या वळणाची दोन सीटांची उघडी गाडी करायची आहे. नेटवर खुला असलेला ४४२ आराखडा उतरवून घेतला आहे. मूळ लोकॉस्ट (घरी बांधायच्या स्वस्त सेव्हनच्या) चॅसीपेक्षा हा ४ इंच रुंद, ४ इंच लांब आणि २ इंच उंच आहे, त्यामुळे साडेपाच फुटांवरचा माणूस आत बसतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल मारुती ईको व्हॅनचा घेणार.

अडचणी अशा आहेत. आराखडा १ इंची, १६ गेज चौकोनी नळीचा आहे, इथे २५ मिमी मिळते. फॅब्रिकेटर म्हणतो, "१८ गेज घ्या, जीपी (जस्ताचा थर दिलेला) पाइप घ्या म्हणजे गंजाची कटकट नाही, आणि जॉइंट एकेक करून पक्का मारत जातो, आर्कवर." गाळ्याची जमीन मोरीकडे उतरती आहे. काम जूनच्या आसपास सुरू होईल. काय पाळायचं आणि काय टाळायचं, तपशिलात सांगाल का?

उत्तर: लोखंडबाजार

दादा, एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. हा आराखडा ज्या पद्धतीतून आला, तिथे, म्हणजे ब्रिटनमध्ये, घरी बांधलेल्या एकट्या गाडीची तपासणी होऊन तिला नंबर मिळतो. आपल्याकडे तसा सरळ रस्ता नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करू देत नाही, आणि नव्या गाडीला १९८९ च्या नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना-चाचणी लागते, जी कंपन्यांसाठी आहे. ईकोचं आरसी या चॅसीला लावायचा विचार मनातही आणू नका. ही गाडी ट्रॅकची. ट्रेलरवर घालून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारीला न्यायची, हे धरूनच बजेट मांडा.

आता नळी. १८ गेज नको. वजनाचा प्रश्न नाही, ब्रॅकेट जिथे बसतात तिथे १.२ मिमी भिंत थकते आणि वेल्डच्या कडेने चिरते. १६ गेज म्हणजे १.६ मिमी. बाजारात १६ म्हणून १.४ सुद्धा सर्रास देतात, म्हणून कळंबोलीच्या किंवा दारूखान्याच्या लोखंडबाजारात जाताना व्हर्नियर न्या आणि नळी काट्यावर घाला. २५ × २५ × १.६ ची ६ मीटर लांबी पावणेसात किलोच्या आसपास भरते. सव्वापाच भरली तर ती १८ गेज आहे, दुकानदार काहीही म्हणो. आयएस ४९२३ (बांधकामाच्या पोकळ नळ्यांचं भारतीय मानक) चा शिक्का असलेली मागा, फर्निचरची नळी नको.

जीपीला तर हातच लावू नका. जस्ताचा थर वेल्डमध्ये जाळीसारखी भोकं पाडतो, आणि बंद गाळ्यात तो धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. साधी काळी ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेली) नळी घ्या. तिला तेल असतं, ते थिनरने पुसून मगच वेल्ड करा. नळीच्या आत डोकावलं की लांबीभर शिवण दिसते. जिथे सस्पेन्शनचं ब्रॅकेट येणार, त्या बाजूला शिवण येऊ देऊ नका.

इंच-मिमीचा घोळ इथे बहुतेकांना भोवतो. आकडे २५.४ नेच गुणा. इंचाला २५ असा ढोबळ हिशेब केला तर १०० इंचांवर ४० मिमी गायब होतात. बाहेरची मापं आराखड्यातली ठेवली की २५ मिमीच्या दोन नळ्यांमध्ये बसणारा तुकडा कागदापेक्षा ०.८ मिमी लांब लागतो. म्हणून लांब रेल कागदावरून कापा, आडवे आणि तिरपे तुकडे जागेवर माप घेऊन. प्रिंटवर पट्टी ठेवून माप कधीही घेऊ नका, कागदात बसवताना प्रिंटर ते आक्रसतो.

साधारण ८-९ नळ्यांत काम होतं. एक जादा आणा. कापताना सगळ्यांत लांब तुकडे आधी.

उत्तर: टाका_आधी

तुमच्या फॅब्रिकेटरची "एकेक जॉइंट पक्का" ही पद्धत ग्रिलसाठी ठीक आहे, चॅसीसाठी घातक. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. शंभरावर जॉइंट असलेल्या सांगाड्यात पहिल्या कोपऱ्यापासून पक्कं करत गेलात, तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पीळ बसलेला असतो. तो नंतर जॅक लावूनही निघत नाही.

टेबलावर पैसे आणि वेळ खर्च करा. एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतं. १९ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय, खाली ५० × ५० नळीची चौकट, दर ६०० मिमीवर आडवी नळी. ८ × ४ ची एक पाटी ४४२ ला अपुरी पडते, पुढे तुकडा जोडा. पायांना एम१६ बोल्ट लावले की उतरत्या जमिनीवरही टेबल पाणसळीत आणता येतं. पीळ तपासायला दोन दोऱ्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरप्या ताणा. मध्यावर त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. वरची दोरी दाबली जात असेल किंवा दोघींत फट असेल तर एक पाय चुकीचा आहे. मग प्लायवर मध्यरेषा आखा आणि सगळी मापं तिच्यापासून डावी-उजवी घ्या, एका कडेपासून कधीच नको.

तळाची चौकट रेषेवर ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे स्क्रूने बसवा. कर्णांतला फरक १ मिमीच्या आत आला की टाके (तात्पुरते छोटे वेल्ड) मारा. प्रत्येक जॉइंटला समोरासमोरच्या बाजूंना दोनच, ५-६ मिमीचे. उभ्या नळ्या गुण्याने आणि ओळंब्याने, दोन्ही दिशांनी बघा. फट १ मिमीपेक्षा जास्त दिसली तर तो तुकडा बाजूला ठेवा, तो दुसरीकडे आखूड तुकडा म्हणून कामी येतो. फट वेल्डने भरणं म्हणजे तिथे दुप्पट आकसणं ओढवून घेणं.

सगळा सांगाडा टाक्यांवर उभा राहिला की थांबा. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल आत उतरवा. सीट ठेवून बसा, पेडलवर बूट घालून पाय ठेवा. ईकोत ड्रायव्हर इंजिनच्या वर बसतो आणि गिअरची जोडणी बॉक्सकडून पुढे जाते. तुमच्या गाडीत बॉक्स मांडीशेजारी येतो, म्हणजे ती जोडणी नव्याने करायची. त्यासाठी दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्सवरच्या बोगद्याची नळी सरकवावी लागली तर आत्ता दोन टाके कापून भागतं.

पक्का वेल्ड मध्यापासून टोकांकडे. डावीकडे एका जॉइंटची एक बाजू, मग उजवीकडे तीच, मग दूर कुठेतरी. हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. दर दहा-बारा जॉइंटनंतर कर्ण पुन्हा मोजा.

मिग (सतत तार सोडणारं वेल्डिंग मशीन) मिळालं तर उत्तम: ०.८ ची तार, ६० ते ८० अँपिअर. आर्कच असेल तर इन्व्हर्टर मशीन, २ मिमीचा ६०१३ रॉड, ४५-५५ अँपिअर, रॉड निगेटिव्हवर. २.५ चा रॉड या नळीला भोक पाडतो. मिगचा धोका उलटा आहे: वरून देखणा, आतून न चिकटलेला. म्हणून कामाच्या नळीचेच टी-जॉइंट करून वाइसमध्ये धरा आणि घणाने वाकवा. नळी फाटली पाहिजे, वेल्ड सुटता कामा नये. एक नमुना आडवा कापून कानशीने घासून मुळापर्यंत वितळलंय का ते बघा. वेल्ड ग्राइंडरने सपाट करायचा मोह आवरा. पत्रा टेकतो तिथेच घासा, बाकी ठिकाणी ती ताकद आहे.

भांडुपचा_गाळा

दोघांचेही आभार. जीपी आणि १८ गेज दोन्ही रद्द. फॅब्रिकेटरला मिगवर आणि टाक्यांच्या क्रमावर राजी करतो. पुढच्या चाकांचं काय? ईकोचं नकल (चाकाचा हब धरणारा भाग) स्ट्रटला (स्प्रिंग-शॉकअपच्या उभ्या दांड्याला) दोन बोल्टांनी धरलेलं असतं, आराखड्यात वर-खाली विशबोन (त्रिकोणी हात) आणि दोन बॉल जॉइंट आहेत.

उत्तर: माझगाव_टर्नर

आराखडा मुळात ब्रिटिश फोर्डच्या भागांभोवती बेतलेला, त्यात कॉर्टिनाचं नकल येतं. आपल्याकडे जुन्या कॉन्टेसा कारला पुढे दुहेरी विशबोन होते, पण तिचे भाग आता धडके मिळणं अवघड. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ईकोचे भाग मात्र कधीही मिळतात, त्यामुळे निवड बरोबर आहे.

स्ट्रटच्या दोन बोल्टांच्या जागी १० मिमी प्लेटचा अॅडॉप्टर बसवा आणि वरचा बॉल जॉइंट त्यावर घ्या. त्या जॉइंटची जागा मनाने ठरवायची नाही. मूळ गाडीत स्ट्रटचं वरचं टोक आणि खालचा बॉल जॉइंट यांना जोडणारी रेषा हा चाक वळण्याचा अक्ष असतो. नवा जॉइंट त्याच रेषेवर आला पाहिजे. तो १५ मिमी बाहेर गेला की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक मारताना खेचतं. म्हणून भंगारातून नुसतं नकल उचलू नका, स्ट्रटसकट अख्खा कोपरा आणा. टेबलावर उभा करून रेषा दोरीने घ्या, मगच प्लेट कापा. वेल्ड फक्त प्लेटवर. नकल, स्टिअरिंग आर्म आणि टाय रॉड यांना वेल्डची ठिणगीसुद्धा लागू द्यायची नाही, ते कडक होऊन अचानक तुटतात.

विशबोन २५ मिमी गोल, २.५ ते ३ मिमी भिंतीच्या सीमलेस (बिनशिवणीच्या) नळीचे. चॅसीवरची ब्रॅकेट ३ मिमी प्लेटची, बोल्ट एम१२, ८.८ ग्रेड. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात घेताना डोक्यावरचा ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण बघा. ब्रॅकेट एकेक लावू नका. पुढचं-मागचं ब्रॅकेट एकाच सरळ १२ मिमी ग्राउंड सळईवर ओवा आणि सळई मध्यरेषेपासून मोजून क्लॅम्प करा. टाके मारल्यावर सळई हाताने फिरली आणि हाताने निघाली पाहिजे. हातोडी लागली तर बुश महिन्यात खाल्ला जाईल.

रॅकचं (स्टिअरिंगच्या दातेरी दांड्याचं) काम सगळ्यांत नाजूक. पुढून बघताना रॅकचे आतले जॉइंट वरच्या आणि खालच्या विशबोनच्या आतल्या खिळ्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवेत. व्हॅनचा रॅक यासाठी बहुधा रुंद पडतो. तसाच लावला तर चाक वर-खाली होताना आपोआप वळतं, आणि वळणात खड्डा आला की गाडी लेन सोडते. रॅक आखूड करणं चांगल्या लेथवाल्याचंच काम, चर आणि आटे नव्याने पाडून, मध्ये जोड वेल्ड न करता. उंची ठरवताना स्प्रिंग काढून ठेवा, हब ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली हलवा, चाकाच्या जागी धरलेल्या पट्टीची पुढची-मागची अंतरं मोजा. फरक १ मिमीच्या आत येईपर्यंत रॅकखालच्या शिम (पातळ पट्ट्या) बदलत राहा. हे झाल्याशिवाय रॅकचे माउंट पक्के करू नका.

आणखी एक, विसराल म्हणून: ईसीयू (इंजिनचा संगणक), किल्ली, इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) आणि अख्खी वायरिंग एकाच गाडीची घ्या, बिलासकट.

उत्तर: सायनचा_पीळमाप्या

वरच्या सगळ्यात एक भर. पत्रे लावण्याआधी चॅसीचा पीळ मोजा. मागची दोन्ही सस्पेन्शन माउंट भक्कम ठोकळ्यांना बांधा, पुढचं टोक मध्यावर एका सळईवर टेकवा आणि आडवा दांडा बांधून मध्यापासून १ मीटरवर ५० किलो टांगा. हा झाला सुमारे ४९० न्यूटन-मीटर. डायल गेज दांड्याला लावायचे नाहीत, दांडा स्वतः वाकतो. चॅसीच्या पुढच्या माउंटवर डावीकडे-उजवीकडे, ६०० मिमी अंतराने लावा. एक गेज खाली आणि दुसरा वर मिळून २.६ मिमी हलले तर ती पाव अंशाची पिळवट, म्हणजे अंशाला सुमारे २,००० न्यूटन-मीटर. मागची बांधलेली टोकंही गेजखाली ठेवा, ती हलली तर तेवढं वजा करा.

या चॅसीत कमजोर जागा ठरलेली आहे: इंजिनचा खण. इंजिन वरून उतरावं म्हणून तो उघडा चौकोन असतो, आणि चौकोन त्रिकोणासारखा ताठ राहत नाही. बाजूंना तिरप्या नळ्या वेल्ड करा आणि वरून बोल्टने निघणारा तिरपा दांडा द्या. आधी टाक्यांवर लावून परत मोजा. नळी दोन बोटं इकडेतिकडे सरकवली की आकडा किती बदलतो ते पाहून जागा ठरवा. बोगद्याच्या वरच्या बाजूलाही तिरपी नळी फार उपयोगी.

रोल बार २५ मिमी चौकोनी नळीचा करू नका. एफआयए या जागतिक मोटर-रेसिंग संघटनेच्या परिशिष्ट जे प्रमाणे मुख्य बार ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी सीमलेस. वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती आली तर तो तुकडा बाद.

गंजाचं म्हणाल तर जुलैत उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. पक्का वेल्ड संपला की त्याच दिवशी स्लॅग काढा, तारेचा ब्रश, थिनर आणि झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर. पावडर कोटिंगपेक्षा रंग बरा. वेल्डच्या कडेला चीर पडली तर रंगावर रेघ दिसते, पावडरखाली ती लपते. अॅल्युमिनियमचा १.२ मिमी पत्रा थेट नळीवर टेकवला तर आपल्या खाऱ्या हवेत दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते. आधी प्रायमर, मग पीयू सीलंटची सलग रेघ, मग दर ५० मिमीवर ४ मिमीचा रिव्हेट. भोकं सगळी आधी पाडा, पत्रा काढून भोकांच्या कडांना प्रायमर लावा आणि सुकल्यावरच परत बसवा, कारण रिव्हेटच्या भोकातून पाणी बंद नळीच्या आत शिरतं आणि तिथे ब्रश पोचत नाही. खालच्या रेलमध्ये मेणाचं गंजरोधक फवारून फवारणीच्या भोकांना बूच लावा.