प्रोटॉन जरा जड असता तर आपण नसतो, हे खरं आहे का बे?

संत्रानगरीवाला:
आपल्या नागपूरच्या रामन सायन्स सेंटरच्या तारांगणात शो पाहिला तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरला आहे. वाचत बसलो तर कळलं की न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा फक्त ०.१४ टक्के जड, अन् हेच उलटं असतं, म्हणजे प्रोटॉन तेवढा जड असता, तर साधा हायड्रोजनच टिकला नसता, मग पाणी नाही, आपला सूर्य नाही. इतकं बरोब्बर जमलं कसं? मामा म्हणून राहिले देवानं केलं, मित्र म्हणून राहिला मल्टिव्हर्स (म्हणजे अनेक विश्वं, त्यातलं एक आपलं), मले दोन्ही पटून नाही राहिलं.

बर्डीचा_भाऊ:
कार्बनचं वाच, ते याहून भारी आहे. ताऱ्याच्या पोटात दोन हेलियम जुळले की बेरिलियम-८ बनतं पण ते लगेच फुटतं, तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन चिकटला तरच कार्बन. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल (आपल्या नारळीकर सरांचे गुरू) १९५३ मध्ये कॅल्टेकला जाऊन म्हणाले, जगात एवढा कार्बन आहे म्हणजे त्याच्या केंद्रकात ७.६५ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक लेव्हल (ऊर्जेची ठरलेली पायरी, तिच्यामुळे तिसरा हेलियम सहज चिकटतो) असलीच पाहिजे. तिथल्या फाउलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला आधी पटलं नाही, पण तिथल्याच लोकांनी मोजलं तर निघाली ना राजेहो!

चिवडा_पोहा:
जिथे जीव बनूच शकत नाही तिथे हा प्रश्न विचारायला कोण असणार बे? ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये पोलंडच्या क्राकोला असंच मांडलं. अन् "आपल्यासाठी बनलं" काहून म्हणता, मे महिन्यात दुपारी व्हेरायटी चौकात उभं राहून सांगा. हे तरी पृथ्वीवर आहे, बाकी विश्वात तर जवळपास सगळं रिकामं अन् गारठलेलं.

बर्डीचा_भाऊ:
चौकाचं मान्य 😂 पण त्या विचारातून कामही झालं आहे. वाइनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये हिशेब केला की कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट (रिकाम्या जागेची ऊर्जा, जी विश्वाचा विस्तार वाढवते) फार मोठा असता तर दीर्घिका बनल्याच नसत्या, म्हणून तो छोटा असणार, पण शून्यच असायला पाहिजे असं नाही. १९९८ मध्ये सुपरनोव्हा पाहून कळलं की विस्तार वाढत्या वेगानं होऊन राहिला, म्हणजे तो शून्य नसावा.

खामल्याचा_मास्तर:
हॉईलच्या लेव्हलचं जरा जास्तच फुगवून सांगतात लोकं. १९८९ मध्ये लिव्हिओ नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं अन् मंडळींनी ती लेव्हल ६० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट (म्हणजे ०.०६ मिलियन) वर सरकवून पाहिली, कार्बनमध्ये फारसा फरक पडला नाही, २७७ ला मात्र बराच घटला. म्हणजे सुईच्या टोकावर वगैरे नाही उभं हे. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, हे आकडे किती ते कितीच्या मधात असू शकत होते हेच कोणाले माहीत नाही, तर मग "शक्यता फारच कमी" हे भागून काढलं कशानं?

संत्रानगरीवाला:
सर हे ६० वालं ताऱ्याचं मॉडेल चालवून काढलं का?

खामल्याचा_मास्तर:
हो, हेलियम जळताना किती कार्बन उरतो ते पाहिलं. सगळा कार्बन पुढे ऑक्सिजन होऊन जात नाही ते काहून, तेही वाच, तिथे ऑक्सिजनची ७.१२ मिलियन वाली लेव्हल कार्बन अन् हेलियमच्या एकत्र ऊर्जेपेक्षा थोडक्यात खाली राहिली आहे, म्हणून ते तितकं सहज जुळत नाहीत.